बाईच्या हाताला बसेल असं हत्यार: बेळगाव सीमाभागातल्या स्त्रियांसाठी रिव्हॉल्व्हर-पिस्तुलाची निवड

रानातल्या वस्तीवर एकटीनं राहणारी, पेट्रोल पंपाचा किंवा सराफी दुकानाचा गल्ला रोज रात्री घरी नेणारी, कोर्टात साक्ष दिल्यामुळे धमक्या येणारी बाई विचारते, "मी रिव्हॉल्व्हर घेऊ का? घेतलं तर कोणतं?" तिला गावात दोनच उत्तरं मिळतात. एक, "बाईमाणसाला कशाला हवं ते?" आणि दुसरं, "घ्या की, छोटंसं मिळतंय पर्समध्ये मावणारं." दोन्ही उत्तरांत तिचा विचार केलेला नसतो. हा लेख तिच्यासाठी आहे. निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव डोळ्यांपुढे ठेवून लिहिला असला तरी कायदा देशभर एकच आहे, त्यामुळे बिदर-भालकीच्या किंवा कारवार-हल्याळच्या बाईलाही तो उपयोगी पडेल.

माझं म्हणणं असं आहे: हत्यार तिच्या नावावर असावं, तिच्या हाताला बसावं आणि तिच्याच ताब्यात राहावं. यातली एकही गोष्ट जमत नसेल तर ते हत्यार घरात येऊ नये.

आधी धोका ओळखा

धोका कुठून आहे हे कागदावर लिहून काढा. मनात ठेवू नका, खरंच लिहा. हाच कागद पुढे अर्ज करतानाही कामाला येतो.

धोका घरातल्याच माणसाकडून असेल, म्हणजे दारू पिऊन मारणारा नवरा किंवा जमिनीच्या वाटणीवरून अंगावर येणारा दीर, तर घरात बंदूक आणू नका. एका छपराखाली कपाटाची किल्ली दोघांनाही माहीत असते आणि मारहाणीच्या घरात हत्यार आलं की ते बहुतेक वेळा जास्त ताकदीच्या हातात जातं. तिथे 112 (पोलिसांची तातडीची मदत) आणि 181 (महिला हेल्पलाइन) हे नंबर, 2005 चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, त्याखाली मिळणारा संरक्षण आदेश आणि गरज पडली तर माहेर, हेच मार्ग आहेत. याबाबतीत माझं मत पक्कं आहे.

धोका रस्त्यावरच्या गंठण ओढणाऱ्यांचा असेल तरी रिव्हॉल्व्हरचा उपयोग नाही. मोटरसायकलवरचा माणूस दोन सेकंदांत निघून जातो आणि पळून जाणाऱ्यावर भर रस्त्यात गोळी झाडण्याचा हक्क कोणताही कायदा देत नाही. तिथे मिरपुडीचा स्प्रे बरा. त्याला परवाना लागत नाही आणि तो दुकानात सहज मिळतो.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या बायका अस्वल आणि गव्यांचं विचारतात. .32 बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीचं माप) गोळीनं गवा थांबत नाही, उलट चवताळतो. पीक राखण्यासाठीचा परवाना वेगळा असतो आणि तो लांब नळीच्या बंदुकीसाठी असतो. दोन कारणं एकाच अर्जात मिसळू नका.

उरतात त्या बायका ज्यांचा धोका बाहेरून येणारा आहे, ठरावीक आहे आणि मदत पोचायला वेळ लागणार आहे. वस्ती गावापासून लांब, रोकड किंवा सोनं हाताळणं, नावानिशी आलेली धमकी. पुढचं सगळं त्यांच्यासाठी.

परवाना तुमच्याच नावाचा

"आमच्या ह्यांचं रिव्हॉल्व्हर आहे घरात, वेळ पडली तर मी वापरीन," असं अनेकजणी म्हणतात. 1959 च्या शस्त्र कायद्यानं परवाना माणसाला दिला जातो, घराला नाही. नवऱ्याच्या परवान्यावरचं हत्यार बायकोनं स्वतःजवळ बाळगलं तर ते विनापरवाना हत्यार ठरतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना हत्यारासाठी किमान 2 आणि कमाल 5 वर्षांची शिक्षा आहे. गावठी कट्ट्याचंही तसंच, आणि तो तुमच्याच हातात फुटण्याची भीती वेगळी.

घरात जुनं, परवान्याचं हत्यार असेल तर एक सरळ वाट आहे आणि ती फार कमी बायकांना माहीत असते. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारक 70 वर्षांचा झाला किंवा हत्यार त्याच्याकडे 25 वर्षं राहिलं, यातलं जे आधी होईल तेव्हा तो आपल्या कायदेशीर वारसाचं नाव सुचवू शकतो. त्याच्या मृत्यूनंतरही वारस अर्ज करू शकतात. वारस म्हणजे मुलगाच असं कुठेही लिहिलेलं नाही. आपल्या भागात लष्करातून निवृत्त झालेल्यांची घरं भरपूर आहेत आणि अशा घरांत एखादं चांगलं राखलेलं रिव्हॉल्व्हर असतं. वडिलांनी मुलीचं नाव सुचवलं तर मुलगी रीतसर अर्ज करून ते स्वतःच्या नावावर घेऊ शकते. परवाना मात्र तिला स्वतंत्र मिळवावा लागतो, पोलीस चौकशी वगैरे सगळं होतं.

वय 21 पूर्ण हवं. एका माणसाला आता जास्तीत जास्त 2 हत्यारं ठेवता येतात. परवान्याची मुदत 5 वर्षांची असते.

"कोडगूत लायसन लागत नाही म्हणे, तेही कर्नाटकच की," असंही ऐकू येतं. ती सवलत फक्त कोडवा समाज आणि तिथल्या जम्मा, म्हणजे वंशपरंपरागत हक्काच्या, जमीनधारकांपुरती आहे. बेळगावच्या माणसाला तिचा काही उपयोग नाही.

अर्ज, चौकशी आणि कन्नडमधला जबाब

अर्ज गृह मंत्रालयाच्या ऑनलाइन शस्त्र परवाना पोर्टलवर भरतात. फॉर्म ए-1. भरल्यावर प्रत काढून कागदपत्रांसह परवाना देणाऱ्या कार्यालयात द्यायची. जिल्ह्यात हे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपण ज्याला डीसी ऑफिस म्हणतो तिथे असतं. बेळगाव शहराला वेगळं पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळे तुमचं घर आयुक्तालयाच्या हद्दीत येतं की जिल्हा एसपींच्या, हे तुमच्या पोलीस ठाण्यात विचारून अर्जाचं टेबल नक्की करा. शहराला चिकटलेल्या गावांतल्या लोकांचे हेलपाटे इथेच होतात.

फॉर्ममध्ये दोन रकाने फार महत्त्वाचे आहेत. एक, हत्यार कशासाठी हवं. दुसरा, ते कुठल्या भागात बाळगायचं आहे. दुसऱ्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते, कारण सीमाभागात सगळं तिथेच अडतं.

कारण लिहिताना "स्वसंरक्षणासाठी" एवढंच लिहून सोडू नका. सगळेच तेवढं लिहितात. वस्ती गावठाणापासून किती लांब आहे, रस्त्यावर दिवे आहेत का, घरात पुरुषमाणूस कधी असतो, धंद्याची रोकड कोणत्या वेळी आणि कोणत्या रस्त्यानं नेता, आधी चोरी किंवा धमकी झाली तर त्याच्या तक्रारीची तारीख आणि प्रत, हे सगळं जोडा. दुकानाचं लायसन, जीएसटीचे कागद, शेताचा उतारा लावा. धमकी फोनवर आली असेल तर आधी ठाण्यात तक्रार नोंदवा, मग अर्ज करा. नोंद नसलेली धमकी चौकशी अधिकाऱ्याच्या दृष्टीनं झालेलीच नसते.

तुमच्या नावावर घर-जमीन नाही म्हणून कुणी हिरमोड करत असेल तर शस्त्र कायद्याचं कलम 14 लक्षात ठेवा. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. आपल्याकडे सातबारा बहुतेक वेळा सासऱ्याच्या नाहीतर नवऱ्याच्या नावावर, त्यामुळे बायकांना या कलमाचा मोठा आधार आहे. परवाना नाकारला तर कारण लेखी मागा. नकाराविरुद्ध अपीलही करता येतं.

पोलीस ठाण्यातून चौकशी येते. शेजाऱ्यांना विचारतात, तुमचा जबाब घेतात. जबाब कन्नडमध्ये लिहिला जातो. कन्नड वाचता येत नसेल तर सही करण्याआधी तो शब्दन्‌शब्द वाचून घ्या, सोबत कन्नड येणारं घरचं माणूस न्या आणि एक प्रत मागा. "घरगुती वादामुळे हत्यार हवे" असं एखादं वाक्य चुकून पडलं तर सगळा अर्ज त्या एका वाक्यावर अडकतो. नम्रपणे, पण ठामपणे दुरुस्ती करून घ्या. बहुतेक अधिकारी करून देतात.

डॉक्टरांचं शारीरिक आणि मानसिक स्वास्थ्याचं प्रमाणपत्र लागतं. हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही लागतं. कर्नाटकात जिल्हा पोलीस नागरिकांसाठी बंदूक प्रशिक्षण शिबिरं घेतात. जिल्हा सशस्त्र राखीव दलाच्या कार्यालयात पुढचं शिबिर कधी आहे ते विचारा. माझा सल्ला असा की शिबिर आधी करा, अर्ज नंतर. पहिल्यांदा गोळी झाडल्यावर काहीजणींना कळतं की हे आपल्याला नको आहे, आणि ते लाखभर रुपये घालण्याआधी कळलेलं बरं. बाकीच्यांना आपला हात काय पेलतो ते कळतं.

मिळतं काय काय

सिनेमात दिसणारं 9 मिलीमीटर पिस्तूल डोक्यातून काढून टाका. ते प्रतिबंधित बोअरमध्ये येतं, सामान्य नागरिकाला मिळत नाही. परदेशी हत्यारांची खासगी आयात 1980 च्या दशकापासून जवळजवळ बंद आहे. त्यामुळे बाजारात जी परदेशी पिस्तुलं फिरतात ती जुनी असतात आणि त्यांच्या किमती नुसत्या दुर्मीळपणामुळे चढलेल्या असतात. नुसत्या परदेशी शिक्क्यासाठी पैसे देऊ नका.

प्रत्यक्षात निवड .32 आणि .22 या दोन बोअरमध्ये होते, आणि बहुतेक करून भारतीय बनावटीतच. सरकारी कारखान्यांचं .32 रिव्हॉल्व्हर वर्षानुवर्षं चालत आलंय. त्याच कारखान्यांचं .32 पिस्तूल 'अशनी' या नावानं मिळतं. 2014 च्या जानेवारीत कानपूरच्या कारखान्यानं 'निर्भीक' नावाचं .32 रिव्हॉल्व्हर खास स्त्रियांसाठी म्हणून आणलं. वजन सुमारे 500 ग्रॅम, किंमत तेव्हा 1 लाख 22 हजारांच्या वर. पुढे 'निडर' हे .22 चं अगदी हलकं रिव्हॉल्व्हर आलं. 2021 मध्ये हे सरकारी कारखाने चालवणाऱ्या आयुध निर्माणी मंडळाच्या सात कंपन्या झाल्या आणि त्यातल्या कानपूरच्या कंपनीनं 2023 मध्ये 'प्रबल' आणलं. तेही .32, वजन 700 ग्रॅमच्या आसपास, आणि काडतुसांची चक्री बाजूला उघडणारी. उत्तर प्रदेशात हरदोईजवळ वेब्ली अँड स्कॉटचं .32 रिव्हॉल्व्हरही बनतं.

'स्त्रियांसाठी' म्हणून विकलेल्या हत्याराकडे मी सावधपणे बघते. हलकं म्हणजे बाईसाठी चांगलं, हा हिशोब अर्धाच खरा आहे. हलकं हत्यार पर्समध्ये जड वाटत नाही हे खरं, पण गोळी सुटताना जो झटका बसतो तो हत्याराचं वजन शोषून घेतं. वजन कमी केलं की तोच झटका हाताला जास्त बसतो, नळी वर उडते आणि दुसरी गोळी नेमक्या जागी जायला वेळ लागतो. .32 चा झटका मुळात सौम्य असतो, त्यामुळे 700 ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर बहुतेक बायका सहज सांभाळतात. रोज अंगावर बाळगायचं नसेल, वस्तीवर घरातच ठेवायचं असेल, तर हलकं घेण्याला काहीच कारण नाही.

'प्रबल'ची जाहिरात 50 मीटरच्या पल्ल्यावर झाली होती. स्वसंरक्षणात हा आकडा बिनकामाचा आहे. हल्लेखोर 50 मीटरवर असेल तर दार लावून 112 ला फोन करायचा. हत्याराची वेळ येते ती खोलीच्या लांबीएवढ्या अंतरावर. अमेरिकेतल्या डेनिस ट्युलर नावाच्या पोलिसानं 1983 मध्ये दाखवून दिलं की सुमारे 21 फुटांवरून धावत येणारा माणूस दीड सेकंदात तुमच्यापर्यंत पोचतो. दीड सेकंदात हत्यार बाहेर काढून, नेम धरून, चाप ओढणं होईल का? हत्यार निवडताना दर वेळी हाच प्रश्न स्वतःला विचारा.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल

माझं उत्तर रिव्हॉल्व्हर आहे. का, ते नीट सांगते.

रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसं फिरत्या चक्रीत असतात, बहुधा सहा. चाप ओढला की चक्री फिरते, घोडा (मागचा हातोडीसारखा भाग) मागे जाऊन पुढे आपटतो, गोळी सुटते. एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं काडतूस समोर येतं. पिस्तुलात काडतुसं मुठीतल्या मॅगझिनमध्ये असतात. पहिली गोळी नळीत भरण्यासाठी वरची स्लाइड मागे ओढून सोडावी लागते आणि काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा तेच, दोन्ही हातांनी. एका हातात पोर असेल, किंवा एक हात कुणी धरलेला असेल, तर पिस्तूल तिथेच अडकतं.

स्लाइडची दुसरी अडचण स्प्रिंगची. .32 च्या छोट्या पिस्तुलात झटका थोपवायचं काम स्लाइडचं वजन आणि ही स्प्रिंग, दोघीच करतात. म्हणून पिस्तूल छोटं असलं तरी स्प्रिंग कडक असते. बोटांच्या चिमटीनं ती ओढायला गेलात तर जमणार नाही. डाव्या हाताची पूर्ण मूठ स्लाइडवर वरून घट्ट धरायची आणि उजव्या हातानं पिस्तूल पुढे ढकलायचं, नळी समोर सुरक्षित दिशेला ठेवून. या पद्धतीनं बऱ्याचजणींना जमतं. तरीही सांध्यांचं दुखणं असेल तर पिस्तुलाचा हट्ट धरू नका.

तिसरं कारण घरच्या सुरक्षेचं. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं वाटतं, पण एक गोळी नळीत राहिलेली असू शकते. घराघरांतले अपघात अशा "रिकाम्या" पिस्तुलांतून होतात. रिव्हॉल्व्हर उघडलं की सहाच्या सहा घरं डोळ्यांना दिसतात.

रिव्हॉल्व्हरचा दोष त्याच्या चापात आहे. घोडा आधी मागे न ओढता थेट चाप ओढला तर साधारण पाच किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्त जोर लागतो. भाकऱ्या थापून, पाणी शेंदून मनगट मजबूत झालेल्या बायकांनाही तो जड जातो, कारण इथे मनगट नाही, एकटं बोट काम करतं. अंगठ्यानं घोडा आधी मागे ओढून ठेवला की चाप हलका होतो, नेमही चांगला लागतो. पण घाबरलेल्या अवस्थेत ओढलेला घोडा आणि हलका चाप म्हणजे नको तेव्हा सुटणारी गोळी. सराव थेट चाप ओढण्याचाच करा. बोटाचा जोर काही आठवड्यांत वाढतो.

एक गोष्ट दुकानात हमखास चुकते. रिव्हॉल्व्हरचं .32 काडतूस आणि पिस्तुलाचं .32 काडतूस ही दोन वेगळी काडतुसं आहेत. रिव्हॉल्व्हरचं लांब आणि बुडाला कड असलेलं, पिस्तुलाचं आखूड, ज्याला 7.65 मिलीमीटरही म्हणतात. "बत्तीसच्या गोळ्या द्या" एवढं म्हणू नका. हत्याराचा प्रकार सांगा आणि डबीवर वाचून घ्या.

.22 बद्दल: झटका नाहीच्या बरोबर आणि काडतूस स्वस्त, त्यामुळे शिकायला उत्तम. रक्षणासाठी मी ते फक्त अशा बाईला सुचवीन जिला .32 खरोखरच पेलत नाही. .22 च्या काडतुसात फुसकी निघण्याचं प्रमाण जास्त असतं आणि गोळीचा जोरही कमी.

हाताला बसतंय का, ते असं बघा

गन हाऊसमध्ये गेल्यावर दुकानदाराला हत्यार उघडून रिकामं दाखवायला सांगा, मग स्वतःही बघा. दुकानदार ओळखीचा असला तरी हे सोडायचं नाही.

मूठ अशी धरा की नळी आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत येईल. आता तर्जनी चापावर ठेवा. बोटाच्या पहिल्या पेराची गादी किंवा पहिला सांधा चापावर नीट टेकला पाहिजे. बोट पोचवण्यासाठी मूठ फिरवावी लागत असेल तर ते हत्यार तुमच्यासाठी मोठं आहे. मुठीच्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्ट्या बदलून थोडा फरक पडतो, ते विचारा. करंगळी मुठीखाली लोंबत असेल तर मूठ लहान आहे.

मग दुकानदाराच्या परवानगीनं, रिकाम्या हत्यारानं, भिंतीकडे नळी करून सलग सहा वेळा चाप ओढा. सहाव्या वेळी हात थरथरला तर थोड्या सरावानं जमेल. दुसऱ्याच वेळी दुसरं बोट मदतीला घ्यावं लागलं तर दुसरा नग बघा. एकाच बनावटीच्या दोन नगांच्या चापात फरक असतो, म्हणून समोरचा पहिला नग उचलून पैसे देऊ नका. तीन-चार मागा. आणखी एक परीक्षा: नळीच्या टोकाशी, माशीच्या (नेम धरायच्या पुढच्या उंचवट्याच्या) मागे एक रुपयाचं नाणं ठेवून चाप ओढा. नाणं पडलं नाही तर हत्यार आणि तुमचं बोट यांचं जमतंय.

जुनं घेत असाल तर हत्यारावरचा नंबर आणि विकणाऱ्याच्या परवान्यावरचा नंबर जुळतो का ते पहिलं बघा. नळीतून उजेडाकडे बघा, आत गंजाचे खड्डे नकोत. घोडा पूर्ण मागे असताना चक्री हातानं हलवून बघा, ती डुगडुगता कामा नये. गावातल्या ओळखीवर व्यवहार परस्पर करू नका, तो परवाना देणाऱ्या कार्यालयाच्या माहितीनं, कागदोपत्रीच व्हायला हवा. खरेदीनंतर हत्याराची नोंद परवान्यावर करून घ्या आणि परवान्यावर तुमचा विशिष्ट ओळख क्रमांक, म्हणजे यूआयएन, आहे ना हे तपासा.

सराव

परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसं घेता येतील हे लिहिलेलं असतं. म्हणून रोजचा सराव रिकाम्या हत्यारानं आणि डमी काडतुसांनी करायचा. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात, हत्यार दोनदा तपासलेलं, समोर भक्कम भिंत. रोज थोडा वेळ: हत्यार बाहेर काढणं, दोन्ही हातांची पकड, चाप सरळ मागे. बोट चापावर फक्त झाडायच्या क्षणी, बाकी सगळा वेळ चापाभोवतीच्या चौकटीबाहेर. आणि सोबत आवाजाचा सराव करा. "थांब! मागे हो!" हे ओरडायला बऱ्याच बायकांना चाप ओढण्यापेक्षा जड जातं, आणि खूपदा तेवढ्यानंच प्रसंग टळतो.

खऱ्या गोळ्यांचा सराव मान्यताप्राप्त रेंजवरच. रानात डब्यावर नेम धरू नका. वरातीत हवेत झाडणाऱ्याला 2019 पासून 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. घरच्या लग्नात तुमचं हत्यार कुणी "जरा दे की वहिनी" म्हणून मागितलं तरी उत्तर नाहीच.

साडीवर, गाडीवर, घरात

सार्वजनिक ठिकाणी हत्यार होल्स्टरमध्ये (हत्याराच्या म्यानात) किंवा तशाच बंदोबस्तात ठेवावं लागतं, दाखवत फिरणं हा गुन्हा आहे. साडीच्या परकराची नाडी पाऊण किलो पेलत नाही. परकरावर रुंद, कडक पट्टा बांधून त्याला होल्स्टर लावता येतं, पण पदराखालून ते काढायला वेळ लागतो. साडी नेसून त्याचा सराव केला नसेल तर त्यावर भरवसा ठेवू नका. कुडत्याखाली जीन्स किंवा जाड पट्ट्याची सलवार असेल तर सोपं.

पर्स हा सगळ्यांना सुचणारा मार्ग आणि माझ्या मते सगळ्यात कच्चा. पर्स ओढली गेली की हत्यारही गेलं. पर्समध्येच ठेवायचं असेल तर त्यासाठी वेगळा कप्पा, चाप झाकणारं कडक होल्स्टर, आणि त्या कप्प्यात दुसरं काही नाही. किल्ल्या, पेन चापाच्या चौकटीत शिरून गोळी सुटू शकते. ती पर्स स्कूटीच्या हुकाला लावायची नाही, माहेरी गेल्यावर पलंगावर टाकायची नाही. भाच्या-पुतण्यांचे हात आधी मावशीच्या पर्सकडेच जातात.

घरात भिंतीत पक्की बसवलेली लोखंडी तिजोरी, काडतुसं वेगळ्या कुलपात, किल्ली तुमच्याकडे. सुरक्षित साठवणुकीची हमी तुम्ही अर्जासोबत लिहून दिलेली असते. खानापूर पट्ट्यातला पाऊस लोखंडाला फार वाईट. पावसाळ्यात दर आठवड्याला पुसून तेलाचा पातळ हात द्या आणि चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून देऊ नका, चामडं ओल धरतं.

सीमेचा प्रश्न

आपलं रोजचं जगणं दोन राज्यांत, कधी तीन राज्यांत चालतं. निपाणीची बाई बाजाराला कागलला जाते, संकेश्वरची गडहिंग्लजला, कागवाडची मिरजेला दवाखान्यात. बेळगावातून वेंगुर्ला रस्त्यानं निघालं की शिनोळीला महाराष्ट्र लागतो. चोर्ला घाट उतरला की गोवा. आपल्याला सीमा ओलांडलेली जाणवतसुद्धा नाही, पण परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं. ते कर्नाटकापुरतं असेल तर कोगनोळीची सीमा ओलांडल्याबरोबर तुमच्या पर्समधलं हत्यार बेकायदा होतं. परवाना खिशात असला तरी.

म्हणून अर्जातच, क्षेत्राच्या रकान्यात, महाराष्ट्र आणि गोव्याची गरज कारणासह मागा. धंद्याची बिलं, पलीकडच्या शेताचा सातबारा जोडा. मिळालं नाही तर सीमा ओलांडताना हत्यार घरच्या तिजोरीत ठेवूनच निघा.

लग्नाचंही तसंच. बेळगावची मुलगी कोल्हापूर जिल्ह्यात दिली की तिचा पत्ता, पोलीस ठाणं, परवाना देणारा अधिकारी सगळं बदलतं. पत्ता बदलल्याची माहिती जुन्या आणि नव्या दोन्ही कार्यालयांना मुदतीत लेखी द्यावी लागते आणि हत्यार हलवण्याआधी परवान्याचं क्षेत्र बघावं लागतं. लग्नाच्या गडबडीत हत्यार रुखवतासोबत गाडीत घालून नेऊ नका.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं जमा करण्याचा हुकूम निघतो. ठाण्यात जमा करा, पावती जपून ठेवा. 1 नोव्हेंबरला (कर्नाटक राज्योत्सव आणि सीमाभागातला काळा दिन) किंवा डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमधल्या विधिमंडळ अधिवेशनाच्या काळात जमावबंदीचे आदेश निघाले तर त्यांत हत्यार बाळगण्यावर बंदी आहे का हे वाचा. त्या दिवसांत मोर्चाला किंवा मेळाव्याला जाणाऱ्या बाईनं हत्यार सोबत नेऊच नये.

गोळी झाडायची वेळ आली तर

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 स्वसंरक्षणाच्या हक्काची आहेत. कलम 38 प्रमाणे जीव जाण्याची किंवा गंभीर इजेची वाजवी भीती, बलात्काराचा, पळवून नेण्याचा किंवा अ‍ॅसिड फेकण्याचा हल्ला असेल, तर हल्लेखोराचा जीव गेला तरी तो हक्कात बसतो. पण कलम 37 सांगतं की गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही आणि पोलिसांची मदत घ्यायला सवड असेल तर हक्क उरत नाही. उसाच्या फडात शिरलेला चोर पाठ फिरवून पळतोय, त्याच्यावर झाडलेली गोळी स्वसंरक्षण नाही.

गोळी झाडली गेलीच तर धोका टळल्याबरोबर हत्यार खाली ठेवा, 112 ला फोन करा, जखमीसाठी अ‍ॅम्ब्युलन्स मागा. जागेवरचं काही हलवू नका, रिकामी काडतुसंही नाहीत. हत्यार जप्त होईल, त्याचा पंचनामा होईल, जप्तीच्या कागदाची प्रत घ्या. तोंडी थोडक्यात एवढंच सांगा की हल्ला झाला, जीव वाचवण्यासाठी गोळी झाडली. सविस्तर जबाब वकील आल्यावर, आणि तोही कन्नडमध्ये लिहिला असेल तर वाचून घेतल्याशिवाय सही नाही. वकिलाचा नंबर परवान्याच्या झेरॉक्ससोबत आजच लिहून ठेवा.